मध्ययुगाचा अभ्यास मराठवाड्यातून : गावच्या दगडापासून परिषदेपर्यंत

पोळा झाला की आमच्या विभागात एम.ए. द्वितीय वर्षाच्या मुलामुलींची वर्दळ सुरू होते. मागणी ठरलेली असते. "सर, परिषदेत पेपर वाचायचाय, एखादा विषय द्या ना." मागच्या वर्षी गंगाखेडकडची एक विद्यार्थिनी आली. तिनं वहीत सहा विषय लिहून आणले होते आणि सहाही 'मध्ययुगीन काळातील' या शब्दांनी सुरू होत होते. मी वही बाजूला ठेवली आणि विचारलं, "तुझ्या गावात जुनं काय आहे?" ती म्हणाली, "काहीच नाही सर. एक बारव आहे, बुजत आलेली. आणि मारुतीच्या पाराजवळ एक दगड आहे, त्यावर गाढव कोरलंय. बायका तिकडं बघत नाहीत."

तो दगड म्हणजे गद्धेगाळ. जमिनीचं किंवा उत्पन्नाचं दान दिलं की ते मोडणाऱ्याला दिलेला शाप दगडात कोरत. वर चंद्र-सूर्य असतात, कारण ते आहेत तोवर हे दान चालावं अशी इच्छा असते. खाली शिवी असते, चित्रात आणि कधी अक्षरांतही. म्हणजे तिच्या गावाला कधीतरी, कुणीतरी, कशासाठी तरी दान दिलं होतं आणि ते कुणी मोडेल अशी भीतीही होती. यातच तिचा विषय होता. वहीतल्या सहा विषयांची गरजच उरली नाही.

हा लेख अशा मुलांसाठी आहे. नव्यानं पीएच.डी.ला लागलेले, महाविद्यालयात शिकवणारे, आणि नोकरी वेगळी असूनही जुन्या वास्तूंपाशी रेंगाळणारे यांनाही तो उपयोगी पडावा. परिषदा, फेलोशिप, कार्यशाळा यांची माहिती मी देणारच आहे. पण क्रम चुकवू नका. आधी साधन, मग प्रश्न, मग परिषद. बहुतेक जण उलट्या बाजूनं सुरुवात करतात. परिषदेचं पत्रक हातात पडतं आणि मग विषयाची शोधाशोध सुरू होते.

पहिली पायरी : कोणतं मध्ययुग?

युरोपात साधारण पाचव्या ते पंधराव्या शतकाला मध्ययुग म्हणतात. आपल्याकडच्या अभ्यासक्रमांत ते बहुधा १२०६ ते १७०७ असं असतं, आणि मराठ्यांच्या इतिहासाचा पेपर वेगळा असतो. मराठवाड्यापुरतं बोलायचं तर एक सलग साखळीच हाती लागते. पाचव्या भिल्लमानं ११८७ च्या सुमारास देवगिरीला यादवांची राजधानी केली. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकानं दौलताबादला राजधानी आणली. १३४७ मध्ये बहमनी सत्तेचा आरंभही दौलताबादलाच झाला. पुढं अहमदनगरची निजामशाही आली, १६१० मध्ये तिचा वजीर मलिक अंबर यानं खडकी वसवली, मग मोगल आले आणि त्यांच्यामागून आसफजाही, म्हणजे हैदराबादचे निजाम.

ही सनावळी पाठ करायला सांगत नाही. तुमचं साधन या साखळीत कुठं बसतं, एवढं एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. त्यावरूनच तुमची परिषद ठरते. मलिक अंबरच्या नहरींवरचा निबंध भारतातल्या परिषदेत 'मध्ययुगीन' विभागात सहज बसेल. तोच युरोपातल्या मध्ययुगाच्या परिषदेला पाठवलात तर 'हा काळ आमच्या कक्षेबाहेरचा' असं उत्तर येण्याची शक्यता मोठी, कारण १५०० नंतरच्या काळाला तिकडं आरंभीचं आधुनिक युग म्हणतात. यादव, तुघलक, बहमनी यांच्यावरचं काम मात्र दोन्हीकडं चालतं.

दुसरी पायरी : साधन गाठा

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण मुलांची सगळ्यात मोठी फसगत इथंच होते.

आपल्या आठ जिल्ह्यांत साधनांचा दुष्काळ नाही. अंबाजोगाईला यादवकाळातले शिलालेख आहेत. मुकुंदराजांचं आणि दासोपंतांचं गावही तेच. दासोपंतांची पासोडी, म्हणजे चक्क कापडावर लिहिलेला ग्रंथ, तिथलाच. खुलदाबादला बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि जैनुद्दीन शिराझी यांचे दर्गे, मलिक अंबरची कबर आणि औरंगजेबाचीही. पैठण नाथांचं, नरसी नामदेवांचं, गंगाखेड जनाबाईंचं, तेर गोरोबाकाकांचं. परंडा, नळदुर्ग, औसा, उदगीर, कंधार हे भुईकोट. यातल्या प्रत्येकावर काही ना काही लिहिलं गेलं आहे, पण त्यांच्या आसपासच्या पंचवीस-तीस किलोमीटरच्या पट्ट्यातली गावं मोकळीच पडली आहेत. तुम्ही तिथं बघा. वीरगळ (वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड), सतीशिळा, गद्धेगाळ, बारवेतल्या कोनाड्यातला लेख, मशिदीच्या कमानीवरची फारसी ओळ, मठातली पोथी, जुन्या वतनदार घरातलं दप्तर, म्हणजे जुन्या कागदांचा गठ्ठा.

दगडावरचा लेख वाचायचा तर भर दुपारी जाऊ नका. ऊन डोक्यावर असलं की अक्षरं सपाट दिसतात. सूर्योदयानंतरचा पहिला तास किंवा मावळतीचा तास निवडा. तिरप्या उन्हात अक्षराच्या एका कडेला सावली पडते आणि जिथं दुपारी नुसते ओरखडे दिसले तिथं 'स्वस्ति श्री' उमटतं. ढग असतील तर अंधार पडल्यावर बॅटरी दगडाला चिकटवून, बाजूनं धरा आणि एकेका बाजूनं फोटो घ्या : डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून. प्रत्येक फोटोत एक पट्टी ठेवा, म्हणजे माप कळतं. एक फोटो लांबूनही घ्या, दगड नेमका कुठं उभा आहे हे दिसेल असा. उद्या रस्तारुंदीत तो हलवला तर हा फोटोच पुरावा ठरतो.

आणि कृपा करून खडू, पीठ, तेल, शेंदूर यांतलं काहीही अक्षरांत भरू नका. पाणीही मारू नका. माझ्या पिढीनं हे उद्योग केले आणि काही लेखांचं कायमचं नुकसान करून ठेवलं. ओल्या कागदाचा ठसा घेणं हे शिकून करायचं काम आहे आणि संरक्षित स्मारकावर त्यासाठी परवानगी लागते. स्मारक केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडं आहे की राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडं, हे तिथल्या फलकावरच लिहिलेलं असतं. अर्ज त्या कार्यालयाकडं करा, विभागप्रमुखांचं पत्र जोडून.

दप्तर किंवा पोथी कुणाच्या घरी असेल तर ती उचलून आणू नका. मालकाच्या ओसरीवर बसा, चहा घ्या, पानांचे फोटो तिथंच काढा आणि एक संच त्यांनाही द्या. "वाचून परत देतो" म्हणून नेलेली दप्तरं परत न आल्याच्या आठवणी गावोगावी आहेत. त्यामुळं नव्या अभ्यासकासाठी दार उघडायला लोक कचरतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

साधन सापडलं की ते आधी कुणी प्रसिद्ध केलंय का हे तपासा. मराठी लेखांसाठी शं. गो. तुळपुळे यांचं 'प्राचीन मराठी कोरीव लेख' (१९६३) आधी पाहा. संस्कृत-कानडी लेखांसाठी 'एपिग्राफिया इंडिका'चे खंड. अरबी-फारसी लेखांसाठी 'एपिग्राफिया इंडो-मोस्लेमिका'. त्याचं संपादन हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांनी केलं, त्यामुळं आपल्या भागातले लेख त्यात आहेत. पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी लेखांची शाखा नागपूरला आहे, हेही लक्षात ठेवा.

शोधताना गावाची सगळी नावं टाकायची. नुसतं 'अंबाजोगाई' शोधलंत तर निजामकाळातले कागद निसटतील, कारण तिथं ते 'मोमिनाबाद' आहे. देवगिरी-दौलताबाद तुम्हाला माहीत असतं, पण खडकी, फत्तेनगर, औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर हे एकच शहर आहे, हे यादी चाळताना विसरायला होतं. खुलदाबाद जुन्या कागदांत 'रौजा' म्हणून येतं.

तारखांचा हिशोब

निबंध परत येतो तो बहुतेक वेळा इथं अडखळून. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. शके १११० म्हणजे ११८८. तिथी पौष ते फाल्गुनातली असेल तर बहुधा ७९ मिळवावे लागतात, कारण इंग्रजी वर्ष मध्येच बदललेलं असतं.

हिजरी वर्ष चांद्र असल्यानं नुसती बेरीज चालत नाही. हिजरी आकड्याला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. मलिक अंबर वारला ते हिजरी १०३५. गुणाकार १००३.९५, बेरीज १६२५.९५. प्रत्यक्षात ते हिजरी वर्ष १६२५ च्या ऑक्टोबरात सुरू होऊन १६२६ च्या सप्टेंबरात संपलं आणि अंबरचं निधन १६२६ मधलं. म्हणजे सूत्र तुम्हाला दारापर्यंत आणून सोडतं. नेमकी तारीख हवी तर जंत्री, म्हणजे तारखांचा मेळ देणारी कोष्टकं, उघडावीच लागते.

दख्खनच्या कागदांत सुहूर सनही भेटतो, आणि तो अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. 'सबा अशरीन अलफ' पाहून दचकू नका. सबा सात, अशरीन वीस, अलफ हजार, म्हणजे १०२७. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवा : १६२६-२७. हे वर्ष मृगापासून बदलतं, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना हे एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही. निजामी राजवटीच्या कागदांतल्या फसली सनात ५९० मिळवायचे.

तिसरी पायरी : लिपी

एक लिपी तरी शिकल्याशिवाय मध्ययुगाच्या अभ्यासात फार दूर जाता येत नाही. मोडी सगळ्यात जवळची. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडी लिपीचे वर्ग चालवतं, शिवाय काही विद्यापीठं आणि महाविद्यालयं प्रमाणपत्र अभ्यासक्रम घेतात. वर्गात अक्षरओळख होते. वाचन येतं ते रोज एक पान स्वतःच्या हातानं उतरवून. तीन महिने नेमानं केलं की पेशवाई वळणाचं अक्षर उलगडू लागतं, जुनं वळण त्यापुढं. (हेमाडपंतानं मोडी लंकेहून आणली ही दंतकथा आहे. ती निबंधात वस्तुस्थिती म्हणून आली की परीक्षक पुढचं पान वाचतच नाहीत.)

महानुभाव पोथ्यांकडं ओढा असेल तर सकळा आणि सुंदरी या सांकेतिक लिप्या शिकाव्या लागतील. त्या पंथातल्या जाणकारांकडून शिकणं सगळ्यात चांगलं. अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे, तिकडंही लक्ष ठेवा.

फारसीबद्दल मला तळमळीनं सांगायचं आहे. दौलताबाद, खुलदाबाद, औरंगाबाद हे सगळं आपल्या अंगणात, आणि इथं फारसी वाचू शकणारे इतिहासाचे विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतके. ज्यांना उर्दू येतं त्यांचा अर्धा रस्ता आधीच कापून झालेला असतो. हैदराबादला तारनाक्याला तेलंगणा राज्य अभिलेखागार आहे. शाहजहान आणि औरंगजेब यांच्या काळातले दख्खनचे दीड लाखाहून जास्त मोगल कागद तिथं आहेत. त्यांतल्या कितीतरी कागदांत आपल्याच परगण्यांची नावं येतात. परभणी-नांदेडहून रेल्वेनं सिकंदराबाद गाठता येतं. सालारजंग संग्रहालयातली हस्तलिखितंही त्याच फेरीत बघून होतात. ओळखपत्र, गाईडचं पत्र आणि काय बघायचं आहे त्याची यादी बरोबर ठेवा. यादीशिवाय गेलात तर पहिले दोन दिवस सूची चाळण्यातच जातात.

चौथी पायरी : विद्यापीठाचा पुरेपूर उपयोग

मराठवाड्यात दोन मोठी विद्यापीठं आहेत. संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ ला सुरू झालं. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ चं, मुक्तिसंग्राम दिनी सुरू झालेलं. संभाजीनगरच्या विद्यापीठाचं स्वतःचं इतिहास वस्तुसंग्रहालय आहे, परिसराला लागून सोनेरी महाल आहे आणि मागच्या डोंगरात लेणी. तिथं दोन वर्षं एम.ए. करून वस्तुसंग्रहालयात एकदाही न गेलेली मुलं मी पाहिली आहेत. असं करू नका.

विद्यार्थ्यांना सहज मिळणारी आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी संधी म्हणजे 'आविष्कार'. राज्यातल्या विद्यापीठांची ही संशोधन स्पर्धा. पदवी, पदव्युत्तर, संशोधक आणि शिक्षक असे गट असतात आणि मानव्यविद्या-भाषा-कला हा विभागही. पोस्टर लावून परीक्षकांपुढं आपलं काम चार-पाच मिनिटांत मांडायचं असतं. आपल्याकडं समज असा की ही विज्ञानवाल्यांची स्पर्धा. खरं तर वीरगळीचा फोटो, गावाचा नकाशा आणि वाचलेला लेख एका पोस्टरवर आला की त्यापुढं माणसं थांबतातच. साधारण हिवाळ्यात स्पर्धा असते. महाविद्यालयातल्या समन्वयकाला जुलैतच गाठा.

पीएच.डी.चं थोडक्यात सांगतो. विद्यापीठाची पेट, म्हणजे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा असते. २०२४ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा निकालही पीएच.डी. प्रवेशासाठी धरला जातो. प्राध्यापकाकडं एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडं सहा आणि सहायक प्राध्यापकाकडं चार विद्यार्थी, ही यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची मर्यादा आहे. म्हणून जागा आहे का हे आधी विचारा. पण त्याहून महत्त्वाचं, गाईडनं मध्ययुगीन साधनांवर स्वतः काम केलंय का ते बघा. त्यांचे दोन निबंध वाचून मग भेटायला जा. निबंध न वाचता आलेला आणि वाचून आलेला विद्यार्थी पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येतो.

पाचवी पायरी : परिषदांचं वर्ष

पहिला पेपर जवळच्या परिषदेत वाचा. मराठवाडा इतिहास परिषद आणि अखिल महाराष्ट्र इतिहास परिषद यांची अधिवेशनं मराठीतून होतात. समोर बसलेल्यांना तुमचा तालुका माहीत असतो आणि चूक झाली तर ती मायेनं दाखवली जाते. पुण्यातलं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चं, इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी स्थापन केलेलं. तिथल्या सभांना निदान श्रोता म्हणून एकदा जाऊन या.

त्यापुढची पायरी इंडियन हिस्टरी काँग्रेस. तिचं पहिलं अधिवेशन १९३५ मध्ये पुण्यातच झालं होतं. आता ते दरवर्षी बहुधा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, वेगवेगळ्या राज्यांत होतं. प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक असे विभाग असतात. पेपर वाचायचा तर आधी सदस्य व्हावं लागतं. मध्ययुगीन विभागात दख्खनवरचे पेपर तुलनेनं कमी असतात, त्यामुळं तुमचं काम लक्षात राहतं.

परदेशातल्या दोन परिषदा माहीत असाव्यात. इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठात १९९४ पासून दर जुलैला आंतरराष्ट्रीय मध्ययुगीन परिषद भरते. अमेरिकेत कॅलामाझूला वेस्टर्न मिशिगन विद्यापीठात मे महिन्यात दुसरी भरते, ती १९६२ पासूनची. दोन्हीकडं भर युरोपवर, पण जगाच्या इतर भागांवरच्या कामाला आता जागा मिळते. लीड्सला दरवर्षी एक मध्यवर्ती विषय जाहीर होतो. तो पाणी, सीमा, आठवण असा काही असला आणि तुमच्याकडं यादवकाळातली बारव असली तर गाठ चांगली पडते. प्रस्ताव आदल्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात मागवले जातात, म्हणजे आपला पोळा-गणपतीचा हंगाम. जुलैत जायचं म्हणून मेमध्ये चौकशी करणाऱ्याची गाडी सुटलेली असते. बहुतेक सत्रं दीड तासाची आणि त्यात तीन पेपर, प्रत्येकाला वीस मिनिटं.

आता खोट्या परिषदांबद्दल. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मीही फसलो. 'आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय परिषद' असं पत्रक आलं, फी भरली, एस.टी.नं आठ तास प्रवास करून एका हॉटेलच्या हॉलवर पोचलो. वनस्पतिशास्त्र, वाणिज्य, इतिहास, शारीरिक शिक्षण, सगळे एकाच सत्रात. मला तीन मिनिटं मिळाली. जेवणाच्या आधीच प्रमाणपत्रं वाटून झाली. ऐकणारं कुणी नव्हतंच. पैसा गेला त्याचं एवढं नाही, पण वर्षभर वाचलेलं दप्तर त्या तीन मिनिटांत वाया गेलं, याची रुखरुख अजून आहे.

म्हणून पत्रक हातात आलं की मी चार गोष्टी बघतो. विषय एक आहे की जगातले सगळे विषय आहेत? सारांश वाचून निवड होते, की फी भरली की निवड पक्की? बीजभाषण करणाऱ्या व्यक्तीचं त्या विषयातलं काम सापडतं का? आणि मागच्या वर्षीचा कार्यक्रम, सत्रांच्या वेळांसकट, बघायला मिळतो का? प्रमाणपत्र आणि पुस्तकातला छापील निबंध यांची हमी फीच्या शेजारीच लिहिलेली असेल तर तिकडं फिरकू नका.

सहावी पायरी : सारांश

दोनशे शब्दांत चार गोष्टी यायला हव्यात : साधन काय, ते कुठं आहे, तुम्ही त्याला कोणता प्रश्न विचारला आणि उत्तर काय निघालं. त्या गंगाखेडच्या विद्यार्थिनीचा पहिला मसुदा असा सुरू होत होता : 'प्राचीन काळापासून भारत हा संस्कृतिप्रधान देश असून मध्ययुगात समाजजीवनाला विशेष महत्त्व होते.' हे वाक्य कुठल्याही निबंधाच्या सुरुवातीला चिकटवता येतं, म्हणून त्याचा उपयोग नाही. तीन वेळा खोडून झाल्यावर तिनं लिहिलं ते साधारण असं :

'परभणी जिल्ह्यातील एका गावात पारालगत गद्धेगाळ उभा असून त्यावर चार ओळींचा देवनागरी लेख आहे. पाहिलेल्या प्रकाशित संग्रहांत तो आढळला नाही. प्रस्तुत निबंधात लेखाचे वाचन दिले असून त्यातील दानाचा तपशील आणि जवळच्या बारवेशी त्याचा संबंध तपासला आहे. शक झिजला आहे. अक्षरवळण व भाषा यांवरून लेख यादवकाळाच्या उत्तरार्धातील असावा, असे मत मांडले आहे.'

'पाहिलेल्या संग्रहांत' आणि 'असावा' हे शब्द तिनं जपून वापरले, म्हणून मला तो सारांश जास्त आवडला. जेवढं दिसलं तेवढंच तिनं लिहिलं.

इंग्रजीतून पाठवायचा तर आधी मराठीत पक्का करा, मग इंग्रजी करा. 'बारव', 'वतन', 'परगणा' हे शब्द तसेच ठेवून पुढं एका वाक्यात अर्थ द्यावा. बारवेला नुसती विहीर म्हटलं की तिच्या पायऱ्या, कोनाडे आणि देवळ्या सगळं नाहीसं होतं.

पैशाची सोय

नेटमधून जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये, पुढं ४२,०००, शिवाय नियमाप्रमाणं घरभाडं. परीक्षा वर्षातून दोनदा होते. जेआरएफला वयाची अट आहे, सर्वसाधारण गटाला ३० वर्षं, म्हणून पदवीनंतर उगाच वर्षं घालवू नका. राज्यात अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, आदिवासी संशोधकांसाठी टीआरटीआय अशा संस्था आहेत. जागा, अटी आणि मुदत प्रत्येक जाहिरातीत बदलतात. जात प्रमाणपत्र, वैधता, नॉन-क्रिमिलेयर, नोंदणीचं पत्र आणि बँकेला जोडलेलं आधार ही फाईल आधीच तयार ठेवा. जाहिरात आल्यावर तहसीलच्या खेटा सुरू केल्या की मुदत निघून जाते.

दिल्लीची भारतीय इतिहास अनुसंधान परिषद इतिहासाच्या संशोधकांना फेलोशिप देते, अभ्यास-प्रवासासाठीही अनुदान देते. हैदराबादच्या अभिलेखागारात महिनाभर बसायचं असेल तर ते नक्की मागा. अर्जात 'साधने पाहणे' असं मोघम लिहू नका. कोणता संग्रह, कोणते परगणे, किती दिवस, राहायचं कुठं, हे लिहा. लीड्सला स्वतःचा मदतनिधी आहे. त्याच्या अर्जाची मुदत प्रस्ताव पाठवतानाच बघून ठेवा.

पेपर वाचताना आणि त्यानंतर

पंधरा मिनिटं म्हणजे मराठीत सतराशे-अठराशे शब्द, त्याहून एकही जास्त नाही. घरी घड्याळ लावून मोठ्यानं वाचा. लेखाचा फोटो पडद्यावर ठेवून वाचन ओळीओळीनं दाखवा, कारण समोरच्याला तुमचं वाचन पटलं नाही तर पुढचं सगळं हवेत राहतं. कुणी वेगळं वाचन सुचवलं तर नाव-गावासकट लिहून घ्या आणि छापताना त्यांचे आभार माना.

छापण्याबाबत एक बदल ध्यानात ठेवा. २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार प्रबंध देण्याआधी निबंध छापण्याची सक्ती उरलेली नाही, आणि २०२५ मध्ये यूजीसीनं केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादीही बंद केली. म्हणजे पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्यांकडं धावायचं कारणच संपलं. तरी विद्यापीठाचा स्वतःचा नियम विभागात विचारून घ्या. मराठीत भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक आणि धुळ्याच्या राजवाडे मंडळाचं 'संशोधक' आहे. इंग्रजीत 'मेडिव्हल हिस्टरी जर्नल'सारखी नियतकालिकं आहेत. तिथं वर्ष-दीड वर्ष लागतं, दोनदा परत येतं. लागू द्या.

गंगाखेडच्या विद्यार्थिनीनं निबंध छापून आल्यावर त्याची एक प्रत आणि लेखाचं वाचन मोठ्या अक्षरांत छापलेला कागद ग्रामपंचायतीत नेऊन दिला. ग्रामसेवकानं तो काचेत बसवून भिंतीवर लावला आहे. दगडाभोवतीचं गवत पोरांनी काढलं, पाराचं नवं बांधकाम हातभर मागं घेतलं. तिला आता बारवेतला कोनाडा साफ करून बघायचा आहे. त्यासाठीच्या परवानगीचा अर्ज माझ्या टेबलावर सहीला आलाय.